रात्री अडीचचा सीटी कोण वाचतं?

"फोटो तं झाला न मॅडम, मग रिपोर्ट काहून नाही देऊन राहिले?"

सीटी स्कॅनच्या रूमच्या दाराशी उभ्या असलेल्या नातेवाइकांचा हा प्रश्न मी आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकते. बहुतेकदा रात्री. विचारणाऱ्याच्या हातात पेशंटची चप्पल असते, त्याचा फुटलेला मोबाइल असतो, रक्त लागलेला शर्ट कॅरीबॅगमध्ये कोंबलेला असतो. त्या घाईत त्याला जे नीट समजावता येत नाही, ते इथे सांगते. छापील रिपोर्टला वेळ असला तरी आतली मुख्य बातमी सर्जनपर्यंत केव्हाच गेलेली असते, पुष्कळदा पेशंट टेबलावरून ट्रॉलीवर यायच्या आत. ती बातमी कोणती, आधी काय सांगायचं, नंतर काय, कोणत्या शब्दांत, हे शिकायला रेडिओलॉजीत एमडी झालेले काही डॉक्टर आणखी एक वर्ष देतात. त्या वर्षाला इमर्जन्सी आणि ट्रॉमा रेडिओलॉजीची फेलोशिप म्हणतात. मी ते वर्ष नागपूरबाहेरच्या एका ट्रॉमा सेंटरमध्ये काढलं आणि परत येऊन इथेच काम करते.

रेडिओलॉजिस्ट म्हटलं की अनेकांना मशीनचं बटण दाबणारा माणूस आठवतो. बटण टेक्निशियन दाबतात, आणि ते कसबाचं काम आहे. चांगल्या टेक्निशियनशिवाय आमचं पान हलत नाही. त्या चित्रांत काय दिसतंय, ते किती गंभीर आहे, हे वाचून सांगणारा डॉक्टर म्हणजे रेडिओलॉजिस्ट. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, मग नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षं एमडी किंवा तिच्या तोडीची डीएनबी. कुठेही न अडकता गेलं तर बारावीनंतर साडेआठ वर्षं.

त्या तीन वर्षांत आम्ही सगळंच शिकतो. गरोदरपणातली सोनोग्राफी, मॅमोग्राफी, गुडघ्याचा एमआरआय, कॅन्सरच्या पेशंटचे दर तीन महिन्यांचे सीटी. यातला बहुतेक पेशंट अपॉइंटमेंट घेऊन येतो, उपाशीपोटी येतो, श्वास रोखा म्हटलं की रोखतो. अपघाताचा पेशंट यातलं काहीच करत नाही. तो जेवून निघालेला असतो, हातपाय झाडत असतो, दोन्ही हात डोक्यावर घ्या म्हणावं तर एक हात मोडलेला असतो. कधी कधी कागदावर नावसुद्धा नसतं, 'अनोळखी पुरुष, अंदाजे वय ३०' एवढंच. आणि त्याच्या चित्रांवर विचार करायला मिळणारा वेळ मिनिटांत मोजायचा.

मशीन पळू लागलं, वाचणारा तोच राहिला

पेशंटचा पहिला सीटी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी निघाला. तो फक्त डोक्याचा होता आणि एकेका कापाला, म्हणजे आडव्या थराच्या एका चित्राला, काही मिनिटं लागत होती. ते मशीन बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफिल्ड हे डॉक्टर नव्हते, इंजिनिअर होते. १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि ॲलन कॉरमॅक यांना मिळालं. पुढे नव्वदीच्या दशकात गोल फिरत एका दमात चित्रं घेणारे सीटी आले, मग एका फेरीत अनेक काप घेणारे आले. आज डोक्यापासून मांडीच्या सांध्यापर्यंत शरीर अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर स्कॅन होतं आणि पडद्यावर हजारावर चित्रं येऊन पडतात.

गोची इथेच झाली. चित्रं काढायचा वेळ सेकंदांवर आला, पण वाचायला बसलेले डोळे दोनच. शिवाय जगभर रीत अशी होती की दिवसा अनुभवी डॉक्टर वाचणार आणि रात्री सगळ्यांत ज्युनिअर रेसिडेंट, म्हणजे अजून एमडी शिकत असलेला डॉक्टर. पक्का रिपोर्ट सकाळी. अपघात मात्र सकाळची वाट बघत नाहीत. यातूनच हे काम वेगळं शिकवायला हवं, असा विचार पुढे आला. अमेरिकेत इमर्जन्सी रेडिओलॉजीची संघटना १९८८ मध्ये उभी राहिली, युरोपातली २०११ मध्ये. म्हणजे ही शाखा तशी तरुण आहे. आपल्याकडे एमडीचे विद्यार्थीसुद्धा मला विचारतात, "मॅडम, यात शिकायला वेगळं काय असतं?"

करड्या रंगाचे आकडे

वेगळं काय, ते कळायला आधी सीटीचं चित्र म्हणजे काय ते पाहू. त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकडा असतो. क्ष-किरण तिथून जाताना किती अडले, त्याचा आकडा. पाणी शून्य धरलेलं आहे. हवा उणे १०००. चरबी उणे १०० च्या आसपास. ताजं गोठलेलं रक्त साधारण ५० ते ७०. घट्ट हाड कित्येक शे, कधी हजाराच्या पुढे. या मापाला हाउन्सफिल्ड युनिट म्हणतात.

आता एवढ्या छटा माणसाच्या डोळ्याला एकदम ओळखू येत नाहीत. म्हणून आम्ही एका वेळी आकड्यांची एकच पट्टी उलगडून बघतो. तिला विंडो म्हणतात. मेंदूची विंडो लावली की रक्त पांढरं उठून दिसतं, पण कवटीची बारीक चीर लखलखाटात हरवते. हाडाची विंडो लावली की चीर दिसते आणि रक्त गायब होतं. फुप्फुसाची विंडो लावल्याशिवाय छातीत सुटलेली हवा कळत नाही. चित्र एकच, पण ते किमान तीन-चार वेळा पुन्हा पाहावं लागतं. थकलेला डॉक्टर पहाटे यातली एखादी फेरी सोडतो, आणि घोळ नेमका तिथे होतो.

फेलोशिपच्या पहिल्या आठवड्यात माझ्या सरांनी मला माउसला हात लावू दिला नाही. समोर सीटी उघडा होता आणि ते विचारत होते, "या माणसाला पुढच्या दहा मिनिटांत काय मारेल? ते आधी शोध. तासाभरात काय मारेल, ते त्यानंतर. जन्मभर पांगळं काय करेल, ते तिसरं. बाकी सगळं रिपोर्टमध्ये लिही, पण आत्ता मला सांगू नकोस." एमडीला आम्ही डोक्यापासून पायापर्यंत, अवयवांच्या क्रमाने वाचायला शिकलो होतो. इथे धोक्याच्या क्रमाने वाचायचं होतं. मला ते अंगवळणी पडायला दोन महिने लागले.

उदाहरण म्हणून डोक्याचा मार घ्या. कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याला आतून चिकटून एक धमनी जाते. मार लागून हाडाला चीर गेली आणि धमनी फाटली की हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठतं. सीटीवर ते भिंगासारखं, दोन्ही बाजूंनी फुगीर दिसतं. असा माणूस गाडीवरून पडतो, क्षणभर बेशुद्ध होतो, उठून बसतो, पाणी मागतो, "काही नाही झालं" म्हणतो. तास-दोन तासांनी त्याला झोप अनावर होते, आणि ती झोप नसते. वेळेत कवटी उघडून रक्त काढलं तर यातले बरेच जण चालत घरी जातात. म्हणूनच ते नजरेतून सुटणं फार जिवाला लागतं.

म्हाताऱ्या माणसांचं तंत्र निराळं. वयानुसार मेंदू आक्रसतो, त्याच्या पृष्ठभागावरून आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणलेल्या राहतात. बाथरूममध्ये घसरायचं निमित्त पुरतं. रक्त चंद्रकोरीसारखं पसरतं आणि हळूहळू साठतं. दोनेक आठवड्यांनी त्या रक्ताचा आकडा मेंदूच्या आकड्याएवढाच होऊन बसतो. मग पांढरं काहीच दिसत नाही. मेंदूच्या सुरकुत्या हाडापासून आत ढकलल्या गेल्यात, एवढाच पुरावा उरतो. आजोबा चार दिवसांपासून गप्प गप्प आहेत, पाय ओढत चालतात, असं घरचे सांगतात तेव्हा मी आधी त्या सुरकुत्या बघते.

डाव्या बरगडीखाली

आता एक केस जवळून दाखवते, ओळख पटेल असे सगळे तपशील वगळून. बाविशीच्या आसपासचा मुलगा, टू-व्हीलरवरून डाव्या अंगावर पडलेला. शुद्धीत होता. पोट दुखतं म्हणत होता. नाडी १२० च्या वर. कॅज्युअल्टीत फास्ट झाली होती. ही अपघाताच्या पेशंटची झटपट सोनोग्राफी: यकृत आणि किडनीच्या मध्ये, प्लीहेभोवती, ओटीपोटात आणि हृदयाच्या पिशवीत, अशा चार जागी रक्त साठलंय का एवढंच दोन-तीन मिनिटांत बघायचं. याच्या प्लीहेभोवती काळी पट्टी दिसली होती, म्हणजे रक्त. पण कुठून येतंय, किती जोरात येतंय, हे सोनोग्राफी सांगू शकत नव्हती. सलाइनवर बीपी टिकून होतं, म्हणून सीटीला आणला. बीपी टिकत नसतं तर तो थेट ऑपरेशन थिएटरमध्ये गेला असता. कोसळत्या पेशंटला सीटीच्या टेबलावर घेऊ नये, हाही या शिक्षणातलाच धडा.

मी सर्वांत आधी त्याच्या हाताकडे पाहिलं. शिरेत गुलाबी कॅन्युला, म्हणजे सलाइनची बारीक नळी, होती. सिस्टरना कोपराच्या घडीत त्याहून रुंद हिरवी लावायला सांगितली, कारण डाय सेकंदाला चार मिलिलिटरच्या वेगाने सोडायचा होता आणि गुलाबीतून तो वेग भरवशाने मिळत नाही. डाय म्हणजे आयोडिनचं कॉन्ट्रास्ट, रक्तवाहिन्या उजळवणारं. डाय धमन्यांत असताना पहिली फेरी, साधारण ७० सेकंदांनी दुसरी, काही मिनिटांनी तिसरी.

पहिल्या फेरीत प्लीहेला खोल भेग दिसली आणि भेगेत एक पांढरा ठिपका. इथे दोन शक्यता असतात. एक, धमनीच्या भिंतीला फुगा आलाय; तो अजून फुटलेला नाही. दोन, धमनी उघडी आहे आणि रक्त बाहेर चाललंय. पहिल्या फेरीत दोन्ही सारखेच दिसतात. फरक पुढच्या फेऱ्यांमध्ये कळतो. फुगा असेल तर ठिपका तेवढाच राहतो आणि धमनीबरोबर फिका पडतो. रक्त वाहत असेल तर डाग मोठा होतो, आकार बदलतो, धमनी फिकी पडली तरी तो उजळच राहतो. या मुलाचा डाग दुसऱ्या फेरीत दुप्पट झाला होता आणि प्लीहेच्या आवरणाबाहेर ओघळला होता.

आणखी एक खूण असते, मला ती फार आवडते. पोटात रक्त सगळीकडे पसरतं, पण जिथून ते येतं तिथे ते आधी गोठतं. गोठलेल्या रक्ताचा आकडा पातळ रक्तापेक्षा जास्त असतो. त्यामुळे पोटभर ३०-४० चे आकडे असताना एका कोपऱ्यात ६० दिसले, तर चोर त्याच घरात आहे असं समजायचं. पहारेकऱ्यासारखी ती गाठ जखमेच्या दाराशी बसलेली असते.

प्लीहेच्या जखमेच्या एक ते पाच अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जन्सच्या संघटनेने २०१८ मध्ये त्या सुधारल्या तेव्हा सीटीवर दिसणाऱ्या रक्तस्रावाला त्यात जागा दिली. भेग लहान असली तरी रक्त आवरणाबाहेर वाहताना दिसलं की पायरी थेट पाचवी. आम्ही हे बोललो, सर्जन आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (रक्तवाहिनीत नळी घालून उपचार करणारे) दोघांना उठवलं, आणि मांडीतल्या धमनीतून नळी घालून प्लीहेच्या धमनीत बारीक स्प्रिंगसारखी कॉइल बसवली. मुलाचं पोट उघडावं लागलं नाही, प्लीहाही वाचली. प्रत्येकाच्या बाबतीत असं जमत नाही. कितीतरी पेशंट ऑपरेशनलाच जातात, आणि तेच योग्य असतं.

जे दिसलं त्यावर समाधान

माझी एक चूक सांगते. रेसिडेंट होते तेव्हाची. मे महिन्यात नागपुरात लोक गच्चीवर झोपतात, आणि झोपेत उठून कठड्याकडे जाणारं कुणीतरी दर उन्हाळ्यात कॅज्युअल्टीत येतंच. असाच एक माणूस आला होता, पायांवर पडलेला. दोन्ही टाचा सुजलेल्या. एक्स-रेत उजव्या टाचेच्या हाडाचा चुरा स्वच्छ दिसत होता. मी तो नीट वर्णन करून लिहिला, कोन मोजला, पुढचा फोटो उघडला.

सकाळी सीनिअरनी विचारलं, "पाठीचा फोटो कुठाय?" उंचावरून टाचांवर पडलेल्या माणसाचा धक्का पायांतून कण्यात चढतो, आणि कमरेचा मणका दबतो. हे पुस्तकात आहे, मी परीक्षेत लिहिलंही होतं. फोटो काढला तेव्हा पहिला लंबर मणका फुटलेला निघाला. रात्रभर त्या माणसाला चादर बदलताना कुशीवर वळवलं होतं. त्याच्या मज्जारज्जूला इजा झाली नाही. पण झाली असती, आणि ती माझ्यामुळे झाली असती. आज इतक्या वर्षांनीही टाच मोडलेली दिसली की माझा हात आधी कण्याच्या चित्रांकडे जातो.

एक मोठी जखम सापडली की मन आपोआप थांबतं. दुसरी शोधायची ओढ कमी होते. रेडिओलॉजीत या चुकीवर पुष्कळ लिहिलं गेलंय. यावरचा उपाय जोड्यांनी विचार करणं. सीटबेल्टचा वळ पोटावर असेल तर आतडं आणि कंबरेचा मणका बघ. पहिली-दुसरी बरगडी मोडली असेल तर मोठ्या रक्तवाहिन्या बघ. जबड्याचं हाड एका ठिकाणी मोडलं असेल तर दुसऱ्या बाजूलाही शोध. फेलोशिपच्या वर्षात अशा जोड्या शेकडो पेशंटांवर घोटून घेतल्या जातात, आणि दर सकाळी कालचे रिपोर्ट ऑपरेशनच्या नोंदींशी ताडून पाहिले जातात. जे सुटलं ते सगळ्यांसमोर मांडायचं. माझ्या मते वर्षभरातला सगळ्यांत मोलाचा तास तोच, आणि ज्या ठिकाणी तो तास नाही तिथे फेलोशिप करू नये.

फोन कसा करायचा, हेही तिथे शिकवतात. ऐकायला साधं वाटेल. पण घाबरलेला ज्युनिअर डॉक्टर फोनवर चित्रांचं वर्णन करत बसतो, आणि सर्जनला हवा असतो निर्णय. त्या मुलाच्या वेळचा माझा फोन असा होता: "सर, सीटीतून बोलते. प्लीहा ग्रेड पाच, रक्त चालू आहे, पोटात साठलंय. डोकं आणि मान ठीक. डाव्या छातीत थोडी हवा, नळीची घाई नाही. कण्याची चित्रं अजून बघतेय, तोवर लॉगरोलनेच वळवा." लॉगरोल म्हणजे कणा न वाकवता अख्खं अंग ओंडक्यासारखं एकदम वळवणं. सर्जनने ते परत म्हणून दाखवलं, मी होकार दिला, वेळ लिहून ठेवली. वीस सेकंद लागले असतील. काय बघून झालं आणि काय राहिलंय, दोन्ही सांगायचं असतं.

नागपूरची रात्र

अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये ॲडम्स काउली नावाचे सर्जन होते. 'गोल्डन अवर' हा शब्द त्यांच्यामुळे रूढ झाला. आपल्या मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने त्याची व्याख्या आली: गंभीर इजा झाल्यानंतरचा एक तास. त्याच दुरुस्तीने जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण दिलं.

पण गडचिरोली-गोंदियाकडून निघालेली ॲम्ब्युलन्स दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर कापून नागपुरात येते तेव्हा तो तास केव्हाच संपलेला असतो. श्रीनगर-कन्याकुमारी ४४ क्रमांकाचा आणि गुजरातकडून ओडिशाकडे जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग आपल्याकडेच छेदतात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग इथूनच सुरू होतो. वऱ्हाडापासून छिंदवाडा, शिवनी, बालाघाटपर्यंतचे पेशंट मेडिकल आणि मेयो ही सरकारी हॉस्पिटलं, मिहानमधलं एम्स आणि धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी हॉस्पिटलांकडे येतात. त्यामुळे परदेशातल्या अभ्यासक्रमात अपघातानंतर वीस मिनिटांतला सीटी शिकवतात, आणि आम्ही वाचतो तो चार-पाच तासांनंतरचा. रक्त जास्त साठलेलं असतं, मेंदूला सूज आलेली असते. अनेकदा पहिला सीटी तालुक्याला किंवा जिल्ह्याला झालेला असतो. दोन्हींची तुलना करून काय वाढलं ते सांगणं, हे इथल्या कामाचं निम्मं अंग आहे.

इथले आजारही इथलेच. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजाने गळे चिरलेले येतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी येतात. तेव्हा मानेच्या धमन्यांचा सीटी लागतो. जंगलाकडच्या गावांतून अस्वलाने चेहरा फाडलेले पेशंट येतात. चेहऱ्याच्या हाडांचं त्रिमितीय चित्र सर्जनला काढून द्यावं लागतं. आणि सिकलसेल, तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. विदर्भात या कामाला बसलेल्या कुणालाही सिकलसेल माहीत असावाच लागतो. ताप आणि छातीत दुखणं घेऊन आलेल्या सिकलसेलच्या पोराच्या फुप्फुसात नवी पांढरी छाया दिसली, तर तिला साधा न्यूमोनिया म्हणून सोडून चालत नाही. अपघात नसलेल्या इमर्जन्सी या फेलोशिपचा मोठा भाग आहेत हे लोकांना ठाऊक नसतं: लकवा, फुटलेलं अपेंडिक्स, नळीत राहिलेला गर्भ, पीळ पडलेलं अंडकोष, फाटत चाललेली महाधमनी.

सगळ्यांचा पूर्ण सीटी का नाही काढत, असंही विचारतात. 'एकदाचं डोक्यापासून पायापर्यंत काढून टाका, मॅडम.' नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमधल्या ट्रॉमा सेंटर्सनी गंभीर जखमींवर याचीच चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. सरसकट पूर्ण शरीराचा सीटी आणि गरजेपुरते एक्स-रे, सोनोग्राफी, निवडक सीटी, दोन्ही गटांत हॉस्पिटलमधल्या मृत्यूंचं प्रमाण सारखंच निघालं. पूर्ण सीटीचे किरण छातीच्या एका एक्स-रेच्या कित्येक शे पट असतात. जीव धोक्यात असेल तर हा हिशोब करायचा नसतो. पण पायरीवरून घसरून मनगट मुरगळलेल्या दहा वर्षांच्या मुलीच्या वडिलांना नाही म्हणणं, आणि ते त्यांना पटेल असं म्हणणं, हेही आमचं काम.

ज्यांना हे शिकायचंय

एमडी किंवा डीएनबी करणाऱ्या मुलांसाठी दोन गोष्टी. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी किंवा न्यूरोरेडिओलॉजीत आपल्याकडे डीएम, डीआरएनबीसारख्या सुपरस्पेशालिटी पदव्या आहेत. इमर्जन्सी रेडिओलॉजी बहुतेक ठिकाणी वर्षभराच्या फेलोशिपमधूनच शिकवली जाते, आणि फेलोशिपचं सर्टिफिकेट कोण देतं यावर त्याचं वजन ठरतं. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ वेगवेगळ्या विषयांच्या फेलोशिप चालवतं, काही संस्था स्वतःची देतात. कागद नीट वाचून घ्या. परदेशात बाल्टिमोरचं शॉक ट्रॉमा, सिएटलचं हार्बरव्ह्यू, कॅनडातलं व्हँकुव्हर जनरल ही या कामाची नावाजलेली ठिकाणं आहेत. युरोपातल्या संघटनेचा या विषयाचा डिप्लोमाही आहे. दिल्लीत एम्सचं जयप्रकाश नारायण ट्रॉमा सेंटर खास अपघातांसाठी उभं आहे.

नावापेक्षा मी मुलांना जागेबद्दल विचारायला सांगते. सीटी कॅज्युअल्टीच्या मजल्यावर आहे की लिफ्टने जावं लागतं? रात्री पहिला रिपोर्ट फेलो देतो की नुसता बाजूला उभा राहतो? त्याची चूक सकाळी कोण दाखवतं? रक्तस्राव थांबवणारे इंटरव्हेन्शनल डॉक्टर रात्री बोलावल्यावर येतात का? आधीच्या वर्षीच्या फेलोला फोन करा, संस्थेच्या माहितीपत्रकापेक्षा तो खरं सांगेल. आता डोक्यातलं रक्त शोधणारी सॉफ्टवेअर आली आहेत. ती मला उपयोगी वाटतात, रांगेतला कुठला सीटी आधी उघडायचा ते सुचवतात. पण आजोबांच्या मेंदूच्या सुरकुत्या आणि 'चार दिवसांपासून गप्प आहेत' हे वाक्य जोडायला अजून माणूसच लागतो.

दाराशी उभ्या असलेल्यांनो, तुमच्याकडूनही मला काही हवं असतं. अपघात नेमका किती वाजता झाला. पडताना कुठला भाग आधी आपटला, मध्ये काही वेळ शुद्ध हरपली होती का. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. नाव माहीत नसेल तर स्ट्रिप दाखवा. किडनीचा त्रास, आधी कधी डायची ॲलर्जी. बाईमाणूस असेल तर पाळी चुकली आहे का, हे संकोच न करता सांगा. आणि आधीच्या हॉस्पिटलात सीटी झाला असेल तर निव्वळ कागदाचा रिपोर्ट आणू नका, सीडी मागून घ्या, निघण्याआधी तिथल्याच कॉम्प्युटरवर ती उघडते का ते बघा, आणि ॲम्ब्युलन्समध्ये पेशंटच्या उशाखाली न ठेवता स्वतःच्या हातात ठेवा. उशाखालच्या सीड्या फुटलेल्या निघतात.